आधी फोड, मग रच

जळणाचं लाकूड वाळवायचं असेल तर ओंडके तसेच ठेवू नकोस. साल म्हणजे झाडाचा रेनकोटच, आतलं पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. ओलं असतानाच फोड. बहुतेक लाकूड तेव्हा फुटतंही सहज.

रचताना खाली दोन आडवे वासे टाक, नाहीतर जमिनीला टेकलेला थर कुजतो. फटी राहू देत, वारा खेळला पाहिजे. ताडपत्री फक्त वरून. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून ढीग चारही बाजूंनी गच्च गुंडाळला होता. उघडला तर आत बुरशीचा भपकारा आणि सालीवर पांढरे डाग.

मऊ लाकडाला साधारण 6 महिने ते वर्ष, कठीण लाकडाला वर्ष-दोन वर्षं धर. ओलावा 20 टक्क्यांखाली यायला हवा. ओलावा मोजायचा मीटर असेल तर तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला टोच; बाहेरून मोजलंस तर फसशील. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपट. वाळलेले खणखणतात, ओले बद्द वाजतात. टोकाच्या भेगांवर मात्र फार विसंबू नकोस, त्या आत ओल असतानाही पडतात. मी तर एका तुकड्यावर पेन्सिलने वजन लिहून ठेवतो आणि महिन्याने पुन्हा तोलतो, म्हणजे किती पाणी उडालं ते कळतं.