क्वांटम लॉजिकचे सीक्वेंट शिकताय? आधी एक सिद्धता हाताने मोडा

क्वांटम लॉजिकची सुरुवात करणारा, बिर्खोफ आणि फॉन नॉयमन यांचा 1936 चा लेख वाचलास, छान झालं. पण लगेच नव्या पद्धतींच्या मागे लागू नकोस. आधी कागद घे.

इलेक्ट्रॉनचा स्पिन घे. प म्हणजे 'क्ष दिशेला वर', क म्हणजे 'झेड दिशेला वर', ख म्हणजे 'झेड दिशेला खाली'. 'क किंवा ख' नेहमीच खरं, म्हणून 'प आणि (क किंवा ख)' म्हणजे प-च. पण 'प आणि क' अशक्य, 'प आणि ख'ही अशक्य. 'प आणि (क किंवा ख)' म्हणजेच '(प आणि क) किंवा (प आणि ख)', हा वितरणाचा नियम इथेच कोसळतो.

आता तर्कशास्त्रज्ञ गेंटझेनच्या नेहमीच्या सीक्वेंट नियमांनी हाच नियम सिद्ध करून बघ. सीक्वेंट म्हणजे 'डावीकडच्या गृहीतांवरून उजवीकडचा निष्कर्ष निघतो' असं सांगणारी ओळ. 'किंवा' डावीकडे आणताना शेजारी प संदर्भ म्हणून, म्हणजे सोबतचं गृहीत म्हणून, उभा असतो ना? सगळी गोम त्यात आहे. तो संदर्भ काढून टाकला की सिद्धता अडते. मला हे बोटाने दाखवता येईपर्यंत कितीतरी दिवस गेले. तू एका संध्याकाळी कर.

ऑर्थोलॉजिक, म्हणजे वितरण न मानणारं आणि क्वांटम लॉजिकपेक्षाही सैल तर्कशास्त्र, आधी पक्कं कर. तिथे सीक्वेंटमध्ये दोनच सूत्रं ठेवली तरी काम चालतं आणि कटही (मधल्या सूत्राने दोन सिद्धता जोडणारा नियम) काढता येतो. ऑर्थोमॉड्युलर नियम (वितरणाचं सौम्य रूप, जे क्वांटम लॉजिकमध्ये टिकतं) घातला की मात्र कट काढणं फार जड जातं. निशिमुराचा क्वांटम लॉजिकच्या सीक्वेंट पद्धतीवरचा 1980 चा लेख त्यानंतरच उघड.

आणि 'जर-तर' जपून वापर. नेहमीचा डिडक्शन नियम (गृहीतांच्या जोडीला प धरून क निघत असेल, तर त्या गृहीतांवरून 'जर प तर क' निघतं) जसाच्या तसा घेतलास, तर वितरण मागच्या दाराने परत येतं. हे स्वतः ताडून बघ, अडलास तर कागद घेऊन ये.