युरोपला न चालणारी द्राक्षं नाशकात चालतात का?

या वेळची पत्रं निवडताना एक गंमत लक्षात आली. चारही जणांना 'नीतीचा कोणता सिद्धान्त बरोबर' हेच विचारायचं आहे, पण 'सिद्धान्त' हा शब्द फक्त दोघांनीच वापरलाय. बाकीच्यांनी घरातलं लिहिलंय. मला तेच सोयीचं.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. निर्यातीला नोंदवलेल्या प्लॉटचं सॅम्पल रेसिड्यूत (औषधाच्या उरलेल्या अंशांच्या तपासणीत) फेल गेलं. भुरी रोगावरची शेवटची फवारणी जरा उशिरा झाली होती. आता लोकलचा व्यापारी जागेवर रोख द्यायला तयार आहे. थांबावं तर हवा ढगाळ, अवकाळी आला तर मणी तडकणार. मुलाने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. तो म्हणतो, कांटच्या मते हे चूक, मिलच्या मते चालेल. कोणाचं धरायचं?

उत्तर : भाऊ, मुलाने मिलवर अन्याय केलाय. (मिल म्हणजे कृत्याचं मोल त्यातून निघणाऱ्या सुखदुःखावर ठरवणारा, कांट म्हणजे परिणाम काहीही होवो, नियम पाळ म्हणणारा.) त्याआधी एक खुलासा करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. युरोपात एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. तेवढ्यावरून फेल झालेला माल आपल्याकडच्या नियमात बसतही असेल. तसं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, खुशाल विका. पण औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यात ठेवायचे जे दिवस लिहिलेले असतात, ते भरायच्या आत माल काढणार असाल तर गोष्ट वेगळी. 'जरा उशिरा' यावरून मला हीच शंका येते, म्हणून तेच धरून लिहिते.

मुलाचा मिल असा बोलत असणार : खाणाऱ्यांचं नुकसान नगण्य, बाबांचं कर्ज मोठं, वजाबाकी केली तर सुखच शिल्लक राहतं. 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या मताचा हा सगळ्यात आवडता गैरवापर आहे. मिलच्या आधी हे मत मांडणाऱ्या बेंथमने १७८९च्या ग्रंथात सुखदुःख मोजायची मापं दिली आहेत : तीव्रता किती, टिकणार किती, खात्री किती, त्यातून पुढे काय निपजेल, आणि शेवटी किती माणसांपर्यंत पोचेल. शेवटचं माप तुमचा मुलगा विसरला. एका घडाचा त्रास शून्याच्या जवळ असेल, पण घड किती आणि तुमच्यासारखे 'जरा उशिरा'वाले किती?

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली याच पळवाटेवर बोट ठेवलं. हजार छळ करणारे आणि हजार कैदी अशी कल्पना करा, तो म्हणतो. पूर्वी एकेक जण एकेका कैद्याला छळायचा. आता प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि हजारही कैद्यांची वेदना कळेल न कळेल इतकीच वाढते. हजार बटणं दाबून झाली की हाल पूर्वीइतकेच, पण प्रत्येक जण म्हणतो, 'मी काय केलं?' म्हणजे हिशेबवाद्याने हिशेब पुरता केला तर तोही तुमच्या बाजूने उभा राहत नाही. २०१० साली सीसीसी या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. विश्वास गेला की त्याची किंमत ज्याने काही केलं नाही त्यालाही मोजावी लागते. तीही बेरजेत धरायची.

या मताची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. हिशेब मांडणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच असतो. बेंथमच्या मापांत खोट नसेल, पण काटा कोणाच्या हातात आहे?

आता कांट. त्याने १७८५च्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय, ते तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. हा दुकानदार अजाण पोरालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. कांट विचारतो, प्रामाणिकपणापोटी की धंदा बसेल म्हणून? युरोपच्या मालाला आपण डोळ्यांत तेल घालून जपतो, कारण तिकडे सॅम्पल तपासतात. नाशकातल्या गिऱ्हाइकाचं सॅम्पल कोण तपासतं? मी पंचवटीत राहते. हातगाडीवाला सोनाकाचा घड उचलून अंगठ्याने एक मणी पुसतो, खालचा पिवळसर लखलखीत भाग दाखवतो आणि म्हणतो, "बघा मावशी, औषध गेलं!" तो पुसतो ती पांढरट लव म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं नैसर्गिक मेण. औषधाचे अंश ना त्याला दिसतात, ना मला. ज्याला दिसणं शक्यच नाही त्याच्याकडून 'हो' घेणं, यालाच कांट माणसाला नुसतं साधन करणं म्हणतो. फवारणीची तारीख गाडीवर पाटी लावून लिहिता आली असती का, एवढं स्वतःला विचारा.

कांटमध्येही फट आहे. तो म्हणतो, ज्या नियमाने तू वागतोस तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुला म्हणता येतं का, ते पाहा. पण नियम शिवणारा शिंपीही आपणच. 'बँकेचा हप्ता थकलाय, आभाळ भरून आलंय आणि दारात व्यापारी उभा आहे, अशा निफाडच्या बागायतदाराने एकदाच माल काढावा' हा नियम सगळ्या जगाला लागू करा, काही बिघडत नाही! मापात बसवून शिवलेला नियम कोणालाच अडवत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायची, नियमात स्वतःचं गाव आणि कर्ज आलं की तो फाडा, नवा लिहा.

माझं मत : लेबलवरचे दिवस भरू द्या, पुन्हा सॅम्पल द्या, मग विका. व्यापाऱ्याच्या कानावर घातलं म्हणून सुटका होत नाही, खाणारा व्यापारी नाही. यात तुमचं नुकसान होऊ शकतं आणि मला इथे बसून लिहायला काही पडत नाही, हेही खरं. मुलाला मात्र सांगा, जो सिद्धान्त आपल्या सोयीचं उत्तर पटकन देतो त्याची उलटतपासणी आधी करायची.

प्रश्न : सासूबाईंना कॅन्सर निघाला आहे. मिस्टर आणि नणंदबाई म्हणतात, त्यांना सांगायचं नाही, 'गाठ आहे, औषधाने जाईल' एवढंच. दिवसभर त्यांच्याजवळ मीच असते. त्या मला विचारतात आणि मी खोटं बोलते. रात्री झोप लागत नाही. – गंगापूर रोडवरून एक सून

उत्तर : ताई, खोटं बोलण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि बोलायचं काम मात्र एकटीवर आलं. पत्रातली ही गोष्ट मला आजाराइतकीच महत्त्वाची वाटते.

कांटला विचाराल तर तो फार कडक आहे. बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच लेखकाने त्याला अडचणीत धरलं होतं : मारेकरी दारात येऊन 'तुझा मित्र घरात लपलाय का' म्हणून विचारतो, तेव्हाही खरं सांगायचं? १७९७ साली कांटने उत्तर लिहिलं : हो, तेव्हाही खोटं बोलायचा हक्क नाही. त्याच्या चाहत्यांनाही हे गिळवत नाही. आपल्याकडे कर्णपर्वात याच पेचाचं उलट उत्तर आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सत्य बोलायचं व्रत घेतलेलं. चोरांना भिऊन लोक रानात लपले, चोरांनी याला विचारलं, याने खरं ते सांगितलं. लोक मारले गेले आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. टिळकांनी 'गीतारहस्या'त, १९१५ साली, पूर्व-पश्चिमेची अशी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून हाच खल केला आहे.

पण कौशिकाची गोष्ट तुमच्या घरात आणू नका. तुमच्या दारात मारेकरी नाही. विचारणारी बाई स्वतःच्याच शरीराबद्दल विचारते आहे. तिथे खोट्याने कोणाचा जीव वाचतो? किमो सुरू झाली, केस गेले, की त्यांना कळणारच. मग त्या आजाराला भितीलच, शिवाय तुम्हा सगळ्यांवरचा विश्वासही जाईल.

सुखदुःखाचा हिशेब मांडणारा म्हणेल, कळलं तर खचतील. खचतीलही. पण हे ठरवताना 'त्या खचतील' आणि 'त्या रडल्या तर आम्हाला बघवणार नाही' ही दोन दुःखं एकाच खात्यात जमा होतात, याकडे कोणी बघत नाही.

कॅरोल गिलिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२मध्ये वेगळी वाट दाखवली. नैतिक वाढ मोजायची लॉरेन्स कोलबर्गची जी पट्टी होती, तिचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर झालेला होता. मुली नियमापेक्षा नात्याकडे बघून उत्तर देत आणि त्या पट्टीवर खाली पडत. गिलिगनबाई म्हणाल्या, पट्टी अपुरी आहे. समोरच्याला काय हवंय हे ऐकणं हीसुद्धा नीतीच. या मताने तुमचा प्रश्न सरळ होतो. 'सांगायचं का' हे दिवाणखान्यात ठरवण्याऐवजी सासूबाईंनाच विचारा : 'डॉक्टर जे सांगतील ते सगळं तुम्हाला ऐकायचंय, की आम्ही ऐकून बघून घेऊ?' काही माणसं खरंच म्हणतात, मला नका सांगू. तोही त्यांचा अधिकार. त्या पुन्हापुन्हा विचारतायत, यावरून मला त्यांचं उत्तर काय असेल ते दिसतंय. तुम्हालाही दिसत असेल.

काळजीच्या या नीतीचाही एक धोका आहे आणि तो तुम्ही भोगताय. काळजी कोणी घ्यायची, हे ती विचारत नाही. घरातल्या सुनेनेच घ्यायची हे धरून चाललेलं असतं. तेव्हा सासूबाईंशी बोलायला मिस्टरांना बसवा, डॉक्टरांच्या समोर. तुम्ही शेजारी राहा.

प्रश्न : हे सगळे सिद्धान्त पाश्चात्त्यांचे खेळ आहेत. घरात चांगले संस्कार असले की माणूस आपोआप नीट वागतो. पूर्वीचं नाशिक आठवा! – ज्येष्ठ वाचक, रविवार कारंजा

उत्तर : काका, तुम्ही रागावून लिहिलंय, पण तुम्ही लिहिलंय ते अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं. नियमाची वही उघडून कोणी धाडसी होत नाही, धाडसाची कामं करत करत होतो, असं तो सांगतो. कुठे किती आणि कोणाशी, याची जाण सवयीने आणि अनुभवाने येते. मला हे पटतं. संकटात माणूस बेंथमची मापं काढत बसत नाही, अंगवळणी पडलेलं करतो.

पण चांगलं म्हणजे काय, हे संस्कार करणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अ‍ॅरिस्टॉटलला काही माणसं जन्मानेच गुलाम असणं नैसर्गिक वाटत होतं. आणि पूर्वीचं नाशिक आठवायचं तर २ मार्च १९३० आठवू. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं लावून घेणारे लोक संस्कारहीन नव्हते. उलट शहरातली सुसंस्कृत म्हणवणारी घरंच त्यात होती. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी जातिनिर्मूलनावरच्या पुस्तकात नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम काय करायचं ते सांगून टाकतो, तत्त्व पारखायला शिकवतं, आणि पारख केली तरच जबाबदारी आपली होते. संस्कारांना बाहेरून प्रश्न विचारणारं काहीतरी लागतं. ते पश्चिमेचं असो की येवल्याचं, मला चालेल.

प्रश्न : मॅडम, परीक्षेत 'कोणता सिद्धान्त श्रेष्ठ?' असा प्रश्न आला तर काय लिहू? सगळे एकमेकांना खोडतात, म्हणजे नीती सापेक्षच ना? – एस.वाय.ची विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : नाही गं. ते भांडतात ते अवघड प्रश्नांवर. दुधात भेसळ करावी का, बायकोला मारावं का, यावर सगळ्यांचं एकमत होतं, फक्त कारणं निराळी. तीच कारणं लिही, गुण तिथे असतात.

आणि कृपा करून ट्रामचं उदाहरण नको : सुटलेली ट्राम पाच माणसांवर जाऊ द्यायची, की वळवून एकावर? फिलिपा फुटने १९६७मध्ये ते एका वेगळ्याच वादासाठी काढलं होतं. आता प्रत्येक पेपरात तीच ट्राम, तीच पाच माणसं. (नाशिकरोडहून शहरात एके काळी खरी ट्राम यायची, ती लिहिलीस तर निदान परीक्षक जागा होईल.) त्यापेक्षा जायकवाडी घे. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र तुला वर्तमानपत्रातून माहीत असेलच. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स १९७१मध्ये म्हणाला, आपण कोण असू हे पडद्याआड लपलंय, ठाऊकच नाही, असं धरून नियम ठरवा. आपलं घर गंगापूर धरणाखाली की पैठणला, हे माहीत नसताना तू कोणतं सूत्र लिहिशील? मग पुढच्या परिच्छेदात त्याच्यावर टीका कर. नदीतून जाताना पाणी जिरतं, मध्ये उपसलं जातं, उसाला किती आणि प्यायला किती, हे पडद्याआडून दिसत नाही, त्याला शेवटी हिशेबवालाच लागतो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, वेळ राखून ठेव.