नर्सेसनी पुढाकार घेऊन केलेल्या सुधारणांनी हॉस्पिटलमध्ये खरंच फरक पडतो का?

हो, चांगलाच पडतो, कारण पेशंटजवळ दिवसरात्र नर्सच असते, सलाईनची जागा सुजलीय, कूस बदलायची राहिलीय हे आधी तिलाच दिसतं. अमेरिकेत मिशिगनच्या १०० च्या वर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकायची ५ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली आणि डॉक्टरने पायरी गाळली तर तिथेच थांबवायचा अधिकार नर्सला दिला, तर दीड वर्षात लाईनमुळे होणारं रक्ताचं इन्फेक्शन ६६ टक्क्यांपर्यंत घटलं, हा अभ्यास २००६ चा आहे. प्रोजेक्ट डॉक्टरांनी सुरू केलेला हे खरं, पण तो अधिकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फक्त ड्युटीतून अशा सुधारणांसाठी वेगळा वेळ मिळायला हवा, नाहीतर नर्सला भरायला अजून एक फॉर्म वाढतो, बाकी काही बदलत नाही.