दोन साउंड कार्डं एकत्र वापरताय? आधी क्लॉक बघा

दोन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८००० ठेवला म्हणजे कार्डं जुळली असं समजू नका. प्रत्येक कार्ड स्वतःच्या क्लॉकवर, म्हणजे आतल्या क्रिस्टलने ठरणाऱ्या वेळेवर चालतं. त्यांच्यात ५० पीपीएमचा (दहा लाखात ५० भागांचा) फरक असला तरी तासाभरात ट्रॅक १८० मिलिसेकंदांनी सरकतात, आणि लाइव्ह वापरात अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. बफर (आवाज थोडा वेळ साठवून ठेवणारी जागा) वाढवलात तर तो फक्त उशिरा येईल.

कार्डांवर एसपीडिफ (डिजिटल ऑडिओची जोडणी) किंवा वर्ड क्लॉक (फक्त क्लॉकची जोडणी) असेल तर केबल जोडा, एक कार्ड मास्टर ठेवा, म्हणजे दुसरं त्याच्या क्लॉकवर चालेल, दुसऱ्याचा क्लॉक सोर्स एक्स्टर्नल करा. दोन्ही मास्टर राहिली तर केबल असून उपयोग नाही. ही चूक फार होते. सोय नसेल तर मॅकवर अ‍ॅग्रीगेट डिव्हाइसमध्ये (अनेक कार्डं एकच असल्यासारखी वापरायची सोय) मास्टर सोडून बाकीच्यांना ड्रिफ्ट करेक्शन (हा सरकलेपणा सॉफ्टवेअरने सुधारणं) लावा. अजून खरेदी झाली नसेल, तर जास्त इनपुटचं एकच कार्ड घ्या.