फलकावरचा आकडा नेमका कोणाचा?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यातून आकड्यांचा अक्षरशः डोंगर उभा राहतो. त्या डोंगरातून काय उचलावे आणि काय सोडून द्यावे, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा संघ गुणतक्त्यात वरच्या स्थानावर आहे, पण त्याने केलेल्या आणि दिलेल्या धावांत जेमतेम पाच-सहा धावांचा फरक आहे. मित्र म्हणतात, हे निव्वळ नशीब आहे. सामने जिंकले आहेत, मग नशीब कसले? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : जिंकलेले सामने जिंकलेलेच राहतात, ते कोणी परत घेत नाही. मात्र पुढचे सामने कसे जातील याचा अंदाज बांधायचा असेल, तर विजयांच्या संख्येपेक्षा धावांचा हिशेब अधिक भरवशाचा असतो. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी त्यासाठी एक साधे सूत्र मांडले. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या संघाने साधारणपणे जिंकायला हवे होते त्या सामन्यांचे प्रमाण. पुढे अभ्यासकांनी वर्गाऐवजी १.८३ हा घात अधिक अचूक ठरवला, पण हाताने हिशेब करायला वर्ग पुरेसा आहे.

२०१६ चा टेक्सस रेंजर्स संघ तुमच्या प्रश्नाचे चालतेबोलते उदाहरण आहे. त्यांनी ७६५ धावा केल्या, ७५७ दिल्या आणि ९५ सामने जिंकून मेजर लीगच्या अमेरिकन व नॅशनल या दोन लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये पहिले स्थान मिळवले. सूत्रानुसार त्यांच्या वाट्याला ८२ विजय यायला हवे होते. वरचे तेरा कुठून आले, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही : एका धावेने निकाल लागलेल्या ४७ सामन्यांपैकी त्यांनी ३६ जिंकले होते. चांगले राखीव पिचर (चेंडू टाकणारे) असलेला संघ अशा सामन्यांत थोडा उजवा ठरतो हे मान्य, पण इतका नाही. प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत टोरोंटोने त्यांना सलग तीन सामन्यांत हरवले आणि २०१७ मध्ये रेंजर्सचे ७८ विजय व ८४ पराभव झाले.

उलट बाजूनेही हेच दिसते. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. त्यांच्या ५०७ आणि ८१३ या धावा सूत्रात घातल्या, तर ४१ ऐवजी ४५ विजय येतात. म्हणजे संघ वाईट होताच, वर नशिबानेही पाठ फिरवली होती. तुमच्या संघाबद्दल मित्रांचे म्हणणे मला पटते. तक्त्यातील स्थानाचा आनंद घ्यावा, पण त्या जोरावर व्यवस्थापनाने खेळाडूंची खरेदी थांबवू नये.

प्रश्न : क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी पाहिली की बरेच काही कळते. बेसबॉलमध्येही बॅटिंग अॅव्हरेज आहे, पण हल्लीचे जाणकार तिला नाके मुरडतात. का? (पुणे)

उत्तर : हे नाते तुम्हाला वाटते त्याहून जवळचे आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारे हेन्री चॅडविक इंग्लंडमधील एक्झिटर येथे जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि बेसबॉलकडे वळण्याआधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत असत. मात्र क्रिकेटची सरासरी धावांना बाद होण्याच्या संख्येने भागते, तर बेसबॉलची सरासरी हिट्सना, म्हणजे फटका मारून बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) सुरक्षित गाठल्याच्या संख्येला, अधिकृत खेळींनी भागते. या ‘अधिकृत’ शब्दातच सगळी मेख आहे. पिचरने चार चेंडू फटका मारण्याजोग्या कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने संयम राखून ते सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात आणि सरासरीच्या लेखी ती खेळी झालेलीच नसते. (१८८७ च्या एका हंगामात वॉकला हिट मानून पाहिले होते. त्या वर्षी सरासऱ्या एवढ्या फुगल्या की दुसऱ्याच वर्षी तो नियम मागे घेतला गेला.)

त्याचा परिणाम कसा होतो, ते दोन काल्पनिक फलंदाजांवर पाहू. दोघेही हंगामात ६०० वेळा खेळायला आले. पहिल्याला ३० वॉक मिळाले आणि उरलेल्या ५७० खेळींत त्याने १७१ हिट्स केल्या, म्हणजे सरासरी ०.३००. दुसऱ्याला ९० वॉक मिळाले आणि ५१० खेळींत त्याने १३८ हिट्स केल्या, म्हणजे सरासरी जेमतेम ०.२७१. जुना पत्रकार डोळे मिटून पहिल्याला निवडेल. पण बेसवर पोहोचण्याचे प्रमाण काढले तर पहिल्याचे ०.३३५ येते आणि दुसऱ्याचे ०.३८०, कारण पहिला ३९९ वेळा बाद झाला, तर दुसरा ३७२ वेळा. फरक २७ बळींचा. नऊ डावांच्या सामन्यात एका संघाकडे एकूण २७ बळीच असतात, तेव्हा या दुसऱ्या गृहस्थाने आपल्या संघाला अख्खा एक सामना जादा खेळायला दिला, असे म्हणायला हरकत नाही.

अर्थात पहिल्याच्या हिट्स मोठ्या असतील तर चित्र बदलेल. त्यासाठी स्लगिंग हे माप आहे, जे पहिल्या बेसपर्यंतच नेणाऱ्या साध्या एकेरी हिटला एक आणि चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या होम रनला चार गुण देते. हे प्रमाण वस्तुस्थितीला धरून नाही. हजारो सामन्यांच्या हिशेबातून असे दिसते, की होम रनमुळे संघाच्या धावा सरासरीने सुमारे १.४ ने वाढतात, एकेरी हिटमुळे ०.४७ ने आणि वॉकमुळे ०.३ ने, म्हणजे होम रन चार नव्हे, तीन एकेरी हिट्सच्या तोलाचा आहे. ही खरी वजने वापरून केलेले माप म्हणजे वोबा. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि स्लगिंग यांची नुसती बेरीज करून काढलेला ओपीएस गणिती दृष्ट्या ओबडधोबड आहे, कारण दोन वेगळे छेद असलेले अपूर्णांक त्यात तसेच मिळवले जातात; पण तो टीव्हीच्या पडद्यावर दिसतो आणि बहुतेक वेळा फसवत नाही.

प्रश्न : न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमला २०१८ मध्ये फक्त दहा विजयांवर सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. पिचरचे काम सामना जिंकून देणे नाही का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नाही. पिचरचे काम समोरच्या संघाला धावा करू न देणे हे आहे आणि सामना जिंकायला आपल्याही संघाने धावा कराव्या लागतात. डिग्रॉमने त्या वर्षी २१७ डाव टाकले, २६९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले (चेंडू मैदानात मारू न देता बाद केले) आणि दर नऊ डावांमागे केवळ १.७० धावा दिल्या. एवढे करून त्याच्या नावावर दहा विजय आणि नऊ पराभव लागले, कारण तो मैदानात असताना मेट्सचे फलंदाज धावाच करत नव्हते. मतदारांनी पहिल्या पसंतीची ३० पैकी २९ मते त्याला दिली, ती योग्यच होती. १९८७ मध्ये मात्र नोलन रायनने नॅशनल लीगमध्ये दर नऊ डावांमागे सर्वांत कमी धावा दिल्या, सर्वाधिक स्ट्राइकआउट केले, आणि आठ विजय व सोळा पराभव एवढ्यावरून त्याला पुरस्कार नाकारला गेला.

पुढची पायरी अधिक रंजक आहे. दिलेल्या धावांतही सगळा वाटा पिचरचा नसतो. चेंडू फलंदाजाने मारला आणि तो मैदानात पडला, की तो क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो की दोघांच्या मधून निसटतो, यावर पिचरचा ताबा फारच कमी असतो, असे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी दाखवले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. असे मारलेले चेंडू हिट ठरण्याचे प्रमाण सगळ्या लीगमध्ये ०.३०० च्या आसपास असते आणि वर्षागणिक एकाच पिचरच्या बाबतीत ते वरखाली होत राहते. म्हणून एफआयपी हे माप फक्त स्ट्राइकआउट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि होम रन एवढेच विचारात घेते, कारण त्यांत क्षेत्ररक्षकाचा हात नसतो. एखाद्या पिचरने दिलेल्या धावा कमी आणि एफआयपी मात्र बराच जास्त दिसला, तर पुढच्या वर्षीचा मोठा करार करण्याआधी मी दोनदा विचार करीन.

प्रश्न : वॉर हा एकच आकडा खेळाडूची सगळी किंमत सांगतो, असे म्हणतात. हे शक्य तरी आहे का? (ठाणे)

उत्तर : सगळी नाही, पण बरीचशी सांगतो. वॉर विचारतो, की हा खेळाडू उद्या नाहीसा झाला आणि त्याच्या जागी किमान पगारावर सहज मिळणारा दुय्यम लीगमधला खेळाडू आणला, तर संघाचे किती विजय घटतील? अशा पर्यायी खेळाडूंनीच भरलेला संघ १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल, असे गृहीत धरलेले आहे. तीस संघांचे मिळून हंगामात २,४३० विजय होतात. त्यांतून या किमान विजयांचा वाटा वजा केला, की सुमारे १,००० उरतात आणि तेच सर्व खेळाडूंत वाटले जातात. फलंदाजी, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण आणि खेळण्याची जागा या सगळ्यांचे रूपांतर आधी धावांत करतात आणि साधारण दहा धावांना एक विजय या दराने मग विजयांत.

२०१२ मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारावरून झालेला वाद आठवा. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने ०.३३० सरासरी, ४४ होम रन आणि १३९ आरबीआय (त्याच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावा) अशी तिहेरी आघाडी घेतली, जी १९६७ नंतर कोणालाही जमली नव्हती. एंजल्सचा नवखा माइक ट्राउट ०.३२६ आणि ३० होम रनवर होता, पण त्याने ४९ बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर धावून पोहोचला), मध्य मैदान सांभाळले आणि १२९ धावा काढल्या, तर काब्रेरा २८ वेळा एका फटक्यात दोन बळी देऊन बसला. वॉरमध्ये ट्राउट दहाच्या वर होता आणि काब्रेरा सातच्या आसपास. पुरस्कार काब्रेराला मिळाला, २८ पैकी २२ पहिल्या मतांनी. त्याचा संघ प्लेऑफमध्ये गेला, हे एक कारण दिले गेले. गंमत अशी, की ट्राउटच्या संघाने ८९ सामने जिंकले होते आणि काब्रेराच्या संघाने ८८. गट वेगळे होते, एवढेच. माझे मत त्या वेळीही ट्राउटला होते.

पण वॉर काढणाऱ्या संस्थांची गृहीतके वेगळी असतात, विशेषतः क्षेत्ररक्षणाची. त्यामुळे ५.४ आणि ५.९ यांवरून भांडण्यात अर्थ नाही. तीन आणि सहा यांतला फरक खरा मानावा.

प्रश्न : न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जीटरला क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, तरी आकडेवारीवाले त्याला सुमार क्षेत्ररक्षक ठरवतात. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कागदावर? (डॅलस, टेक्सस)

उत्तर : डोळ्यांना चेंडू हाती आलेला दिसतो, पण आलाच नाही तो दिसत नाही. जीटर हाती आलेला चेंडू क्वचितच सोडत असे आणि हवेत उडी मारून त्याने केलेली फेक देखणी होती. चुकांची संख्या मोजणारे जुने माप त्याच्या बाजूने बोलते. मात्र जीटर शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक होता; शॉर्टस्टॉपच्या डाव्या-उजव्या बाजूने गेलेले किती चेंडू इतर शॉर्टस्टॉप अडवतात आणि तो किती अडवत असे, हे मोजले की कारकिर्दीभरात तो सरासरीच्या बराच खाली राहतो. ज्या चेंडूपर्यंत तुम्ही पोहोचतच नाही, त्यावर तुमच्या नावे चूक लागत नाही. २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा आहे आणि ती क्षेत्ररक्षक कुठून निघाला, किती वेगाने धावला, हे टिपते. त्यामुळे हा वाद आता पूर्वीएवढा पेटत नाही. जीटर थोर फलंदाज होता. या हिशेबाने त्याच्या ३,४६५ हिट्समधली एकही कमी होत नाही.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाची सरासरी २५ खेळींनंतर ०.४०० आहे. प्रशिक्षक खूश आहेत. आम्ही त्याच्यासाठी खर्चिक शिकवणी लावावी का? (शिकागो)

उत्तर : या आकड्यावरून तरी ठरवू नका. २५ खेळींत ०.४०० म्हणजे दहा हिट्स. त्यांतल्या तीन चेंडूंवर क्षेत्ररक्षक एक पाऊल डावीकडे उभा असता, तर तोच मुलगा ०.२८० वर आला असता. ज्याची खरी क्षमता ०.३०० आहे, अशा फलंदाजाची सरासरी २५ खेळींत निव्वळ योगायोगाने सुमारे ०.०९ एवढी इकडेतिकडे होणे अगदी नेहमीचे आहे. १०० खेळींतही ती ०.०४६ पर्यंत हलते आणि व्यावसायिक खेळाडूच्या पूर्ण हंगामात, ६०० खेळींत, ०.०१९ पर्यंत. मुलांच्या सामन्यांत तर चूक आणि हिट यांतला फरक वहीत नोंद करणाऱ्या पालकाच्या मर्जीवरही ठरतो.

त्यापेक्षा पुढच्या काही सामन्यांत तीन गोष्टी लिहून ठेवा : कक्षेबाहेरच्या किती चेंडूंवर तो बॅट फिरवतो, बॅट फिरवल्यावर किती वेळा चेंडू हुकतो, आणि लागलेल्या चेंडूंपैकी किती जोरात जातात. या गोष्टी थोड्या खेळींतही बऱ्याच खऱ्या कळतात, कारण त्यांत समोरच्या क्षेत्ररक्षकांचा वाटा नसतो. पहिला आकडा मोठा असेल, तर शिकवणीआधी प्रशिक्षकांशी बोला. कोणता चेंडू सोडायचा, हे ते सरावातच शिकवू शकतील.