ऑस्कर नामांकनांचा अंदाज कशावरून बांधावा?

प्रश्न : ऑस्करची नामांकने जाहीर होण्यापूर्वी मी दरवर्षी स्वतःची यादी करते. गोल्डन ग्लोबचा आधार घेऊनही दिग्दर्शन विभागात माझे एखादे नाव चुकतेच. असे का होत असावे?

उत्तर : गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार आणि समीक्षक असतात, ऑस्करची नामांकने मात्र अकादमीचे सदस्य ठरवतात, आणि तीही आपापल्या शाखेपुरती, म्हणजे दिग्दर्शकांना दिग्दर्शक निवडतात आणि अभिनेत्यांना अभिनेते. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तेवढे सगळे सदस्य मत देतात. त्यामुळे अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या व्यावसायिक संघटनेची यादी आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण दोन्हीकडे मत देणारे अनेक जण तेच असतात.

तरीही ती यादी जशीच्या तशी उतरवू नये. 2021 साली संघटनेच्या पाच नावांपैकी चार अकादमीनेही घेतली, परंतु ॲरन सॉर्किन यांच्या जागी डेन्मार्कचे टॉमस व्हिंटरबर्ग आले. अकादमीच्या या शाखेत परदेशी दिग्दर्शक बरेच आहेत, म्हणून पाचवी जागा इंग्रजीबाहेरच्या चित्रपटासाठी राखून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण लक्षात घेतात. मतपत्रिकेवर नावे पसंतीक्रमाने लिहायची असतात आणि पाच जागांसाठी साधारण एकषष्ठांश मते मिळाली की नामांकन निश्चित होते. म्हणून सर्वांना बऱ्यापैकी आवडलेल्या कामापेक्षा थोड्यांनी जिवापाड उचलून धरलेले काम पुढे सरकते.