वाचक विचारतात : उन्हातलं काम, बर्फातलं काम

प्रश्न : आमच्या साईटवर मे महिन्यात सळई बांधणारा एक पोरगा कामाच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला. चोवीस वर्षांचा, अंगापिंडाने चांगला. त्याच उन्हात पन्नाशीची जुनी माणसं मात्र ठणठणीत. हे कसं काय? (ठेकेदार, नागपूर)

कारण तो दुसराच दिवस होता. उन्हाचे बळी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच जातात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. तुमच्या जुन्या माणसांची ही तयारी मार्च-एप्रिलमध्ये आपसूक झालेली असते. तरण्याबांड पोराला धोका जास्त, कारण पहिल्याच दिवशी तो जुन्यांच्या बरोबरीने ओढायला जातो.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाळीचा फक्त पाचवा हिस्सा द्या. आठ तासांची पाळी असेल तर साधारण दीड तास. नंतर रोज तेवढीच वाढ करा, म्हणजे पाचव्या दिवशी पूर्ण काम येतं. उरलेला वेळ त्याला सावलीत रिंगा वाकवायला, तार कापायला बसवा. आठवडाभर गावी लग्नाला जाऊन आलेला जुना कामगारही अर्धा नवाच समजायचा. त्याला पहिल्या दिवशी निम्मं, मग ६० टक्के, ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम.

खरी अडचण वेगळीच आहे. काम उक्तं दिलेलं असेल तर यातलं काहीही पाळलं जाणार नाही. जितकं बांधलं तितके पैसे मिळणार असतील तर माणूस सावलीत कशाला बसेल? निदान पहिल्या आठवड्यात आणि लाटेच्या दिवसांत रोजंदारी द्या आणि विश्रांतीचा वेळ हजेरीत धरा. स्लॅब पहाटे पाचला सुरू करून अकरापर्यंत उरका. कडक उन्हात काँक्रीट भराभर सुकून तडकतं, म्हणजे ही वेळ मालालाही सोयीची.

प्रश्न : वीस माणसांना दिवसाला पाणी किती ठेवावं? प्रत्येकाला ओआरएस द्यावं का? (मुकादम, जालना)

दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २५० मिली. तासाला पाऊण ते एक लिटर होतं. सहा तास उन्हात काम असेल तर वीस जणांना सुमारे १२० लिटर लागेल, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. हे जार कामाच्या जागीच हवेत. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला जार तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

जेवण वेळेवर होत असेल तर भाजी-भाकरीतून मीठ मिळतं, साधं पाणी पुरतं. दोन तासांहून जास्त सलग घाम गाळायचा असेल तर मधूनमधून ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायचं. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलेलं ओआरएस उलटी आणतं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र कुणी पिऊ नये, रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरतं.

प्रश्न : उष्माघात ओळखायचा कसा? अंग कोरडं पडतं असं ऐकलं होतं, पण आमचा माणूस घामाने चिंब होता. (सुपरवायझर, चंद्रपूर)

घाम आहे म्हणून उष्माघात नाही, ही समजूत जीव घेते. कष्टाचं काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग बऱ्याचदा ओलंच असतं. बघायचं ते डोकं. माणूस विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, उगाच चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात. तापलेल्या अंगाबरोबर यातलं एकही दिसलं तर उष्माघातच धरून चाला. नुसतं गरगरणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ असेल आणि माणूस शुद्धीत नीट बोलत असेल तर सावली, पाणी आणि मीठ यांनी तो सहसा अर्ध्या तासात सावरतो. सावरला तरी त्या दिवशी परत कामावर लावू नका.

उष्माघात असेल तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी माणसाला गार करायला घ्यायचं. गाडी येईपर्यंत वाट बघायची नाही. शरीराचं तापमान चाळिशीच्या वर जितका वेळ राहतं, तितका मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडं यांचा नाश होत जातो. पहिल्या अर्ध्या तासात गार झालेला माणूस बहुधा वाचतो.

साईटवर ताडपत्री असतेच. माणसाला तीवर आडवा करा, बूट आणि जाड कपडे काढा. चौघांनी ताडपत्रीच्या कडा वर धरल्या की तिची खोळ होते. तीत दोन-तीन जार पाणी आणि फोडलेला बर्फ ओता आणि पाणी हलवत राहा. तोंड पाण्याबाहेर राहील याकडे एकाने फक्त लक्ष ठेवायचं. बर्फ नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून पुठ्ठ्याने, पंख्याने जोरात वारा घाला. एप्रिल-मेमध्ये थर्माकोलच्या पेटीत दहा किलो बर्फ रोज सकाळी आणून ठेवला तर संध्याकाळी थोडा वाया जाईल, जाऊ द्या.

दोन गोष्टी करू नका. भानावर नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतूंचा ताप नाही, त्यामुळे गोळीने उतरत नाही, उलट आधीच पोळलेल्या यकृतावर भार पडतो.

प्रश्न : खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे खरं का? (वाचक, अकोला)

नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

प्रश्न : फाउंड्रीत भट्टीसमोर मोठे पंखे लावलेत, तरी पोरं म्हणतात पंखा नको, वारा भाजतो. (शिरोली, कोल्हापूर)

पोरांचं बरोबर आहे. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून बरीच गरम आणि अंग कोरडं असेल तर पंखा उष्णता अंगावर ढकलतो. शिवाय भट्टीची धग ही किरणांनी येते, वाऱ्याने ती उडत नाही. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा, आणि तो दर आठवड्याला पुसा. काजळी धरलेला पत्रा धग परतवत नाही, स्वतःच तापतो. पंखा भट्टीकडून नको, बाहेरची हवा घेऊन पाठीमागून येऊ दे. कपडे सुती हवेत, पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

जाता जाता कोकणातल्या वाचकांसाठी: ३४ अंश आणि ७५ टक्के दमट हवा असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा ३० च्या आसपास थांबतो. विदर्भात ४४ अंश आणि १५ टक्के दमटपणाला तोच पारा २३ पर्यंत उतरतो. घाम वाळण्याला किती वाव आहे ते हा पारा सांगतो. म्हणून सावलीतलं बंद गोदाम रत्नागिरीत कमी आकड्यालाही जीवघेणं ठरू शकतं, आणि नागपूरचा कूलर तिथे कामाचा नाही.

प्रश्न : आम्ही बायका कामावर मुद्दाम पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. (बांधकाम मजूर, बीड)

ताई, तुम्हाला ‘पाणी प्या’ सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे. हा प्रश्न तुमच्या ठेकेदाराला आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पिण्याचं पाणी (कलम ३२) आणि संडास-मुतारी (कलम ३३) ही दोन्ही मालकाची जबाबदारी ठरवली, आणि पाणी त्यापासून सहा मीटर लांब हवं असंही सांगितलं. आडोसा, दाराला आतून कडी आणि पाणी एवढं झालं तरी बायका पाणी प्यायला लागतात. लघवी गडद पिवळी दिसली तर शरीर कोरडं पडलंय असं समजा. जळजळ होत असेल तर दवाखान्यात दाखवून घ्या.

प्रश्न : उणे वीसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल लावतो. जाड जॅकेट आहे, तरी बोटं पांढरी पडतात. (लोडर, तळोजा)

जॅकेट बहुधा आतून ओलं असतं. पेट्या उचलताना घाम येतो, सुती बनियन तो धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब झपाट्याने पळवतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, वर लोकरी, वर जॅकेट असे थर घाला. उचलाउचल सुरू झाली की चेन थोडी उघडा. हातमोज्यांच्या आतले पातळ मोजे दोन जोड ठेवा, ओले झाले की बदला. तीन पाळ्यांत एकच जॅकेट फिरत असेल तर ते कधीच वाळत नाही, मालकाकडे स्वतःचं मागून घ्या. ४०-४५ मिनिटं आत, मग पंधरा मिनिटं उबदार खोलीत. बाहेरच्या उन्हात नव्हे, तिथे पुन्हा घाम येतो.

पांढरी, बधिर बोटं चोळू नका, शेगडीवर धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, पाणी दुसऱ्याच्या कोपराने तपासून घ्या. अर्ध्या तासात रंग परतला नाही तर डॉक्टर गाठा. सोबतचा कुडकुडायचा थांबला आणि बडबडायला लागला तर ती ऊब नाही, शरीर हरल्याची खूण आहे. लगेच बाहेर काढा, ओले कपडे उतरवा, घोंगडीत गुंडाळा, १०८ ला फोन करा. दारू अजिबात नको.

आणि रोज पाळी सुरू होताना दाराचा आतला खटका दाबून बघा. तो बर्फाने जाम झालेला असला तर तो निघेपर्यंत कुणीही आत जायचं नाही.